एकशे अठ्ठेचाळीस अंश

पवित्रा: अजून डोळे उघडू नका हं काका. त्या फ्रेमवाल्यानं एवढी चिकटपट्टी गुंडाळलीया, आत सोनं ठेवल्यागत.

पुरुषोत्तम: अगं, पण माझा वाढदिवस मार्चमध्ये असतो. आत्ता जानेवारी चाललाय.

वीणा: बाबा, दोन मिनिटं गप्प बसा ना. तिनं चामराजपेटला दोन खेपा घातल्यात तुमच्यासाठी.

पवित्रा: पहिल्या खेपेला म्हणतो, ‘स्वल्प लेट, अक्का.’ त्याचं स्वल्प म्हणजे चार दिवस. आणि आज बेळ्ळंदूरच्या सिग्नलला पाऊण तास. ऑटोत, ही एवढी काच मांडीवर घेऊन. हं, उघडा आता.

पुरुषोत्तम: अरे! हे कुठून आणलंत?

वीणा: ओळखलंत?

पुरुषोत्तम: न ओळखायला काय झालं? विहिरीच्या लॉगचा, म्हणजे नोंदींचा, पहिला कागद आहे हा. तेलाच्या विहिरीत मोजायचं यंत्र सोडून वर काढलं की आधी हा भरायचा. इथे खोली, इथे तारीख, इथे चिखल किती दाट ते. आणि खाली माझी सही. बघ कशी झोकात करायचो. आता बँकवाले दोनदा परत पाठवतात.

पवित्रा: कागद तीनपट मोठा केलाय. सोमवारी ऑफिसात लावणार, आत शिरल्या शिरल्या समोर. खाली पितळी पट्टी हाय, ती वाचा की.

पुरुषोत्तम: चष्मा आत आहे. तूच वाच.

पवित्रा: ‘पहिलं माप : पुरुषोत्तम वझलवार, १९९१.’

पुरुषोत्तम: काय गं हे, वीणा. इतक्या वर्षांनी माझा कागद कुणाला हवासा झाला?

वीणा: मला. कुठली विहीर घेतली ते तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. एक्केचाळीस नंबर.

पुरुषोत्तम: एक्केचाळीस? ती तर कोरडी निघाली होती. तेलाचा थेंब नाही. आत सिमेंट भरलं, वर लोखंडी झाकण ठोकलं आणि निघालो आम्ही. आता त्या जागी एरंडी लावतात म्हणे.

वीणा: तेलासाठी कोरडी. आम्हाला तेल नकोच आहे. दोन किलोमीटर खोल भोक तयार आहे, आत पाइप आहे. ते नव्यानं पाडायचं असतं तर आमची कंपनी उभीच राहिली नसती. खालचं गरम पाणी वर आणायचं, त्यातली उष्णता काढून घ्यायची, गार झालेलं पाणी परत खाली सोडायचं.

पवित्रा: आणि त्या उष्णतेवर बटाट्याचं कोल्ड स्टोरेज चालणार काका. गरम पाण्यावर गारवा. निपाणीला आईला सांगितलं तर म्हणाली, पोरी, तुला बंगळुरात कुणीतरी फसवायलंय.

पुरुषोत्तम: तिचं काही चुकलं नाही. मलाही वीणानं तीनदा समजावलं तेव्हा कळलं. पण त्या पट्ट्यात बंद विहिरी शंभराच्या वर असतील. मग हीच का?

वीणा: असं काय विचारता? तुमच्यामुळेच. खालून तिसरा रकाना. तळाचं तापमान, एकशे अठ्ठेचाळीस अंश. एकवीसशे पन्नास मीटरवर, बाबा! त्या भागातल्या बाकीच्या विहिरी एवढ्या खोलीवर एकशे बाराच्या पुढे जात नाहीत. ही, त्रेचाळीस आणि चव्वेचाळीस, ह्या तीनच. माझ्या नकाशावर सगळीकडे पिवळं आणि मध्ये हा एक लाल ठिपका.

पुरुषोत्तम: तीनही विहिरी माझ्या?

वीणा: तिन्हींवर तुमची सही आहे. लागोपाठच्या आठवड्यांतल्या.

पुरुषोत्तम: आणि परत मोजलं कुणी? आत्ता?

वीणा: कसं मोजणार? वर सिमेंट आहे. थर्मामीटर खाली सोडायचा तर आधी सिमेंट फोडावं लागतं. त्याला रिग लागते. रिग एकदाच आणायची, फोडायचं, मोजायचं आणि तसंच पुढे पाणी काढायचं, असं ठरलंय.

पुरुषोत्तम: रिग कधी येणार?

पवित्रा: आली की. आज सकाळी सातला वरचा थर फोडायला घेतला. आमच्या कंपनीतला अभिजीत तिथंच हाय. फोटो पाठवलाय, दाखवू?

पुरुषोत्तम: थांबव.

पवित्रा: काय थांबवू?

पुरुषोत्तम: तुला नाही. वीणा, रिग थांबव.

वीणा: बाबा, काय होतंय? पाणी आणू?

पुरुषोत्तम: मला काही होत नाही. तो आकडा खरा नाही.

वीणा: कुठला आकडा?

पुरुषोत्तम: तुझा. एकशे अठ्ठेचाळीस. तो एक्केचाळीसचा नाही. अडतीसचा आहे.

वीणा: नीट सांगा.

पुरुषोत्तम: अडतीस नंबरची विहीर आधी केली होती. खोल होती, एकतीसशे मीटर. तिच्यात एकशे अठ्ठेचाळीस होतं, ते खरं. मी स्वतः मोजलं. मग चार दिवसांनी एक्केचाळीस.

पवित्रा: आणि दोन्हीत एकच आकडा. अक्का, हेच मी म्हणालेलो. खोल विहीर आणि उथळ विहीर, दोघींचा ताप सारखा कसा?

वीणा: पवित्रा, जरा थांब. बाबा, थर्मामीटर कुठला होता?

पुरुषोत्तम: तेव्हा एकच प्रकार होता गं. पाऱ्याचा. जास्तीत जास्त किती चढला ते दाखवणारा. पितळेच्या नळीत घालून यंत्राला बांधायचा आणि खाली सोडायचा. वर आल्यावर पारा उतरत नाही, तिथेच थांबतो. घरी ताप बघायचा असतो ना, अगदी तसाच.

वीणा: म्हणजे प्रत्येक वेळी झटकावा लागतो.

पुरुषोत्तम: झटकावा लागतो. नाही झटकला तर आधीच्या रोग्याचा ताप दुसऱ्याच्या नावावर लागतो.

वीणा: आणि तुम्ही झटकला नाहीत.

पुरुषोत्तम: नाही.

वीणा: विसरलात?

पुरुषोत्तम: माझा उजवा हात बांधलेला होता. जीपच्या मागून उतरताना पडलो होतो, मनगट सुजलं होतं. डाव्या हातानं झटकायला गेलो आणि एक थर्मामीटर लोखंडावर आपटून फुटला. मग दुसरा घेतला, तोही फुटला. तीन मिळायचे आम्हाला. एकच राहिला.

पवित्रा: मग नवीन मागवायचे की.

पुरुषोत्तम: बडोद्याहून यायला पंधरा दिवस. आणि एका दिवसात दोन का फुटले याचा लेखी खुलासा द्यायचा. आमचा साहेब कसा होता ते तुला माहीत नाही बाळ. आणि तिसराही फुटला असता तर? तो रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. रिकामा ठेवला की कागद परत यायचा.

वीणा: म्हणून न झटकता खाली सोडलात.

पुरुषोत्तम: सोडला. वर आला तेव्हा एकशे अठ्ठेचाळीस. अर्थातच. ते लिहिलं.

वीणा: आणि त्रेचाळीस? चव्वेचाळीस?

पुरुषोत्तम: तोपर्यंत हात बरा झाला नव्हता.

वीणा: नाही, बाबा. एक मिनिट. पवित्रा, लॅपटॉप उघड. त्रेचाळीसला किती आहे?

पवित्रा: एकशे शेहेचाळीस.

वीणा: चव्वेचाळीसला?

पवित्रा: एकशे एकोणपन्नास.

वीणा: एकशे शेहेचाळीस कसं येईल? न झटकलेला पारा एकशे अठ्ठेचाळीसवर अडकलाय. तो वर जाईल, नाहीतर तिथेच राहील. खाली येणारच नाही.

पुरुषोत्तम: हो.

वीणा: म्हणजे?

पुरुषोत्तम: पोरी, कळलंय तुला. आता माझ्या तोंडून कशाला वदवतेस?

वीणा: कारण मला ऐकायचंय.

पुरुषोत्तम: सलग तीन कागदांवर एकच आकडा गेला असता तर कुणीतरी विचारलं असतं. म्हणून एकाला दोननं कमी केलं. एकाला एकनं वाढवलं.

पवित्रा: अय्यो, काका.

पुरुषोत्तम: कुणी बघतच नव्हतं गं तो रकाना! आम्ही तेल शोधत होतो. खडकात तेल आहे की पाणी, ते सांगणाऱ्या रेषांत मी कधी केसभरसुद्धा चूक होऊ दिली नाही. त्या रेषांवरून माणसं निर्णय घ्यायची. तापमान म्हणजे नुसता कागद पुरा करायचा. मी सोळा वर्षं तो रकाना भरला. सोळा वर्षांत कुणी तो वाचला नाही.

वीणा: मी वाचला.

पुरुषोत्तम: मला काय माहीत होतं...

वीणा: मी वाचला, बाबा. दोन वर्षं तेच वाचलं. मी काय केलं माहितीय? त्या तिन्ही विहिरी मॉडेलमध्ये घातल्या तेव्हा मला पहिल्यांदा शंकाच आली होती. एवढ्या उथळ आणि एवढ्या गरम? म्हटलं, यंत्र बिघडलेलं असेल. पण बिघडलेलं यंत्र तिन्ही वेळा एकच आकडा देतं. इथे फरक होता. एकशे अठ्ठेचाळीस, शेहेचाळीस, एकोणपन्नास. खऱ्या मोजमापात असतो तसा, थोडासा, नैसर्गिक. त्या फरकामुळे मी ते खरं धरलं.

पुरुषोत्तम: वीणा...

वीणा: तिन्ही सारखे असते तर मी पहिल्याच दिवशी फेकून दिले असते.

पवित्रा: अक्का, बसा तुम्ही.

वीणा: आणि ही म्हणत होती. ह्याच पवित्रानं मीटिंगमध्ये विचारलं होतं, नऊ जणांच्या समोर, की अडतीस एवढी खोल असून तिचा आकडा आणि हा आकडा सारखा कसा. मी काय उत्तर दिलं, सांग त्यांना.

पवित्रा: जाऊ दे की आता.

वीणा: सांग.

पवित्रा: म्हणाल्या, ‘मोजणाऱ्याला मी ओळखते. ह्या माणसानं दूधवाल्याचं मापसुद्धा घरी परत मापून घेतलंय.’ सगळे हसले. मीपण हसलो.

पुरुषोत्तम: असं म्हणालीस?

वीणा: असं म्हणाले.

पुरुषोत्तम: बरं. आता माझं ऐक. चूक माझी आहे, मी नाही म्हणत नाही. पण व्यवहारानं बघ. सिमेंट फोडायला किती दिवस लागतील?

वीणा: आठ.

पुरुषोत्तम: आठ दिवसांनी तुम्ही नवा थर्मामीटर सोडणारच आहात. खरा आकडा आपोआप वर येईल. तेव्हा म्हणायचं, जमिनीनं दगा दिला. खाली असं होतंच, सगळ्यांना माहीत आहे. त्यात तुझी नोकरी जात नाही, माझं नाव निघत नाही. आठ दिवस फक्त गप्प राहायचं.

पवित्रा: काका, मी इथं बसलोय.

पुरुषोत्तम: तू घरचीच आहेस.

पवित्रा: घरचीच हाय म्हणून सांगते. त्रेचाळीस आणि चव्वेचाळीसचं काय? एक्केचाळीसला गार पाणी लागलं तर सगळे म्हणतील, हिचं नशीब खोटं, चला पुढच्या दोन फोडू. त्या अजून लालच हायत नकाशावर. आणि तो नकाशा अक्कांनी छापलाय. दुसऱ्या दोन कंपन्या तोच वापरायल्यात.

पुरुषोत्तम: मग थर्मामीटर सदोष होता असं लिहा. जुनी यंत्रं होती, कोण विचारतंय?

वीणा: थर्मामीटर सदोष नव्हता. त्यानं त्याचं काम बरोबर केलं. झटकला नाही तर काय दाखवायचं, तेच दाखवलं.

पुरुषोत्तम: तुला बापाला उभा करायचाच आहे का सगळ्यांपुढे?

वीणा: तुम्हाला उभं करणं... बाबा, कोल्ड स्टोरेज कुणाचं आहे माहितीय? चंपाबेन म्हणून आहेत. साठ शेतकरी बायकांची संस्था आहे त्यांची. फेब्रुवारीच्या शेवटी बटाटे निघतात. नव्या यंत्राला जागा हवी म्हणून त्यांनी जुनी मशीनं उखडून अंगणात काढून ठेवलीत. सोमवारी सकाळी भंगारवाल्याचा ट्रक येतोय ती न्यायला.

पुरुषोत्तम: सोमवारी?

वीणा: आज शनिवार. तुमचे आठ दिवस संपतील तेव्हा त्यांच्याकडे जुनी मशीनं नसतील. आणि आमचं यंत्र एकशे तीस अंशाच्या पाण्यासाठी बनवलंय. एकशे बारा तळाशी असेल तर वर येईपर्यंत पंच्याण्णव. पंच्याण्णवला ते सुरूसुद्धा होणार नाही. बटाटे कुठे ठेवायचे?

पुरुषोत्तम: हे मला माहीत नव्हतं.

वीणा: नव्हतं. मलाही मघापर्यंत काही माहीत नव्हतं.

पवित्रा: अक्का, काका बोलले नसते तर आपल्याला कळलंही नसतं. तेवढं धरा.

वीणा: धरलंय. माझा फोन कुठाय?

(वीणा फोन लावते. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

वीणा: अभिजीत, वीणा बोलतेय. फोडणं कुठवर आलंय? ...अकरा मीटर. थांबवा. ...नाही, पाऊस-बिऊस नाही. आत्ता थांबवा, यंत्र वर काढून घ्या. ...कारण तळाचं तापमान मोजलेलंच नाही. ...हो, कागदावर आहे. कागदावर आहे, पण मोजलेलं नाही. ...त्रेचाळीस आणि चव्वेचाळीसचंही नाही. ...मला कसं कळलं? ज्यांनी लिहिलं त्यांनी सांगितलं. ...हो, माझे वडील. ...नाही, गंमत करत नाहीये. ...सगळ्यांना मी स्वतः लिहिते, तासाभरात. तू फक्त थांबव.

पवित्रा: काय म्हणाला?

वीणा: काही नाही. म्हणाला, ओके मॅम.

पवित्रा: चंपाबेनना मी लावू का? माझं हिंदी त्यांना समजत न्हाई म्हणा.

वीणा: नको. बाबा लावतील.

पुरुषोत्तम: मी?

वीणा: तुमची गुजराती चांगली आहे.

पुरुषोत्तम: वीणा, मी त्या बाईंना काय सांगू?

वीणा: मशीनं विकू नका म्हणावं. का, ते विचारतील. ते पण सांगा. हा नंबर.

पुरुषोत्तम: मी गॅलरीत जाऊन बोलतो.

वीणा: जा.

पवित्रा: जरा जास्तच झालं का अक्का? एक्काहत्तरचे हायत ते.

वीणा: माहितीय किती आहेत ते.

पवित्रा: चहा टाकू?

वीणा: पवित्रा, लहानपणी मला ताप आला की बाबा थर्मामीटर काढायचे. आधी तीनदा झटकायचे. मी मोजायची. एक, दोन, तीन. मग उजेडात धरून बघायचे, पारा खाली गेला की नाही. मग परत एकदा झटकायचे. आई म्हणायची, पोरीला ताप चढून उतरेल तुमचं झटकणं होईपर्यंत. मला वाटायचं, माझे बाबा म्हणजे जगातला सगळ्यात काटेकोर माणूस.

पवित्रा: असतील पण. घरात असतील.

वीणा: माझा जन्म शहाऐंशीचा. हे सगळं एक्याण्णवनंतरचं आहे, मला आठवतंय म्हणजे. त्या विहिरींनंतरचं. घरी परत येऊन ते माझ्यासाठी तो तीनदा झटकत होते.

पवित्रा: तुम्ही रडा की जरा. मी बघत न्हाई.

वीणा: रडू येत नाहीये. मला फक्त तो नकाशा दिसतोय. लाल ठिपका जातोय आणि त्या जागी काय रंग भरायचा ते कळत नाहीये.

पवित्रा: पिवळा. एकशे बाराचा.

वीणा: तोही मोजलेला नाही. तो आपला अंदाज आहे. कदाचित नव्वद असेल, कदाचित खरंच एकशे चाळीस असेल. कुणाला काही माहीत नाही. पांढरा ठेवायला हवा.

पवित्रा: सोमवारी ऑफिसात काय व्हील हो?

वीणा: मला काढतील किंवा ठेवतील. तू विचारलं होतंस, हे मी पत्रात लिहिणार आहे. मीटिंगची तारीख घालून.

पवित्रा: त्याची गरज न्हाई.

वीणा: आहे. बाबा आल्यासारखे वाटतायत. ...काय म्हणाल्या?

पुरुषोत्तम: आधी पाणी दे.

पवित्रा: घ्या काका. बसा. सावकाश.

पुरुषोत्तम: त्यांनी विचारलं, तमे कोण? काय सांगायचं सुचेना. म्हटलं, बेन, चौतीस वर्षांपूर्वी तुमच्या शेताजवळच्या विहिरीचं तापमान मी लिहिलं होतं. मोजलं नव्हतं. मशीनं देऊ नका.

वीणा: मग?

पुरुषोत्तम: मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, सगळ्यात मोठं मशीन काल संध्याकाळीच गेलं. ट्रकवाला लवकर आला होता. तीन अजून अंगणात आहेत.

पवित्रा: तीनवर भागंल?

पुरुषोत्तम: निम्मे बटाटे राहतील म्हणाल्या. बाकीचे मिळेल त्या भावानं द्यावे लागतील. आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, काका, तेव्हा मोजायला किती वेळ लागला असता?

वीणा: काय सांगितलंत?

पुरुषोत्तम: खरं ते. झटकायला अर्धं मिनिट.

पवित्रा: मी चहा टाकते. कुणी नको म्हणू नका.

वीणा: बाबा, आता एक विचारते. नीट आठवून सांगा. ह्या तीनच का?

पुरुषोत्तम: तीनच.

वीणा: नक्की?

पुरुषोत्तम: त्या वर्षी तीनच.

वीणा: त्या वर्षी.

पुरुषोत्तम: सोळा वर्षं होतो गं मी तिथे. पाऊस असायचा, रात्रपाळ्या असायच्या, कधी केबल अडकायची. एकदा कळलं की कुणी बघत नाही...

वीणा: माझ्या नकाशात तुमच्या सहीचे दोनशे सहा कागद आहेत.

पुरुषोत्तम: एवढे?

वीणा: मी तुमचे मुद्दाम जास्त घेतले होते. दुसऱ्या लोकांचे कागद गबाळे होते, खाडाखोड असायची. तुमचे स्वच्छ होते.

पवित्रा: अक्का, तो नकाशा मग...

वीणा: हो. निम्मा नकाशा बाबांच्या सहीवर उभा आहे. पवित्रा, गॅस बारीक कर आणि इकडे ये. लिहायला तू बस. बाबा, चष्मा आणा.

पुरुषोत्तम: आत्ता? सगळे?

वीणा: सगळे. आज संपले नाहीत तर उद्या. मी नंबर सांगते, खोली सांगते, तापमान सांगते. तुम्ही सांगायचं, मोजलं होतं की नव्हतं. कारण नको. साहेब कसा होता ते नको.

पुरुषोत्तम: वीणा, तू माझ्याकडे बघत का नाहीस?

वीणा: बघेन. आधी हे होऊ द्या. एक नंबर. अठराशे चाळीस मीटर, नव्याण्णव अंश.

पुरुषोत्तम: ही पहिलीच होती. मोजलं होतं. दोन दोन थर्मामीटर लावून मोजलं होतं.

पवित्रा: मोजलं.

वीणा: चार नंबर. सोळाशे, नव्वद.

पुरुषोत्तम: मोजलं.

पवित्रा: मोजलं.

वीणा: सात. बावीसशे दहा, एकशे चौदा.

पुरुषोत्तम: सात म्हणजे... कालव्याच्या पलीकडची. नाही. ती नाही मोजली. शेजारची बघून लिहिलं.

पवित्रा: न्हाई मोजलं. काका, चहा घ्या, गार होतोय.

वीणा: नऊ. एकोणीसशे पन्नास, एकशे चार.

पुरुषोत्तम: नऊ. तेव्हा तुझी आई पहिल्यांदा साइटवर आली होती, तंबूत राहिली होती दोन दिवस. मोजलं असेल.

वीणा: असेल नको.

पुरुषोत्तम: मग आठवत नाही.

पवित्रा: ह्याला काय लिहू अक्का?

वीणा: ‘आठवत नाही’ लिही. दहा नंबर.